चोवीस सेकंदांची खुर्ची

डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनच्या त्या हॉलमध्ये शिरीष पांढरीपांडेला लोक आधी ऐकत आणि मग बघत. नागपूरच्या उघड्या मैदानावर, बाजूने जाणाऱ्या ट्रकच्या हॉर्नवर मात करत घडलेला आवाज होता तो. पत्र्याच्या छताखाली तो असा घुमायचा, की समोरच्या संघाच्या मुलीही दचकून मागे बघत. त्याची मुलगी स्वरांगी कानावर हात ठेवून म्हणायची, "डॅड, प्लीज. दे कॅन हिअर यू इन ड्रोहेडा."

शेहेचाळिसाव्या वर्षी माणसाजवळ अभिमानाच्या म्हणून दोन-तीनच गोष्टी उरतात. शिरीषजवळ एकच होती, बास्केटबॉल. नागपूर जिल्ह्याकडून तो चार वर्षं खेळला होता. पुढे उजवा गुडघा गेला, मग नोकरी, लग्न, आणि अकरा वर्षांपूर्वी डब्लिन. चेरीवूडच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा हा माणूस संध्याकाळी क्लबात आला की जिवंत व्हायचा. स्वरांगीला बाराव्या वर्षी त्यानंच तिथं घातलं. तिनं वर्षभरात बास्केटबॉल सोडून नाटक धरलं, पण बाप राहिला. फरशी पुसणं, बाकं मांडणं, लहान मुलींच्या सामन्यांचे गुण लिहिणं, सगळं बिनपगारी. क्लब चालतोच असा, दहा-बारा वेड्या माणसांच्या जिवावर.

त्या वर्षी क्लबच्या महिला संघाला कित्येक वर्षांनी युरोपच्या क्लब स्पर्धेत जागा मिळाली. गटात चार संघ: आपला, पोर्तुगालचा, बेल्जियमचा आणि हंगेरीचा. प्रत्येकाशी एक सामना त्यांच्या गावी, एक आपल्या. म्हणजे क्लोनडॉकिनच्या हॉलमध्ये तीन युरोपियन सामने! शिरीषला दोन रात्री झोप आली नाही.

युरोपच्या सामन्याला मैदानालगतच्या टेबलावर परवानाधारक माणसं लागतात. एक गुण लिहिणारा, एक त्याचा मदतनीस, एक मुख्य घड्याळ बघणारा, आणि चौथा चोवीस सेकंदांच्या घड्याळावर. हल्ला करणाऱ्या संघानं चोवीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे, नाही तर भोंगा वाजतो आणि चेंडू जातो. ते घड्याळ एका माणसाच्या अंगठ्याखाली असतं. शिरीषला ती चौथी खुर्ची हवी होती. खेळाडू म्हणून जे नशिबात नव्हतं ते निदान अंगठ्यानं तरी, असं काहीसं त्याच्या मनात होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

परवान्याचा कोर्स ऑगस्टमध्ये झाला, दोन शनिवार. सरावाला जोड्या लागायच्या, म्हणून शिकवणारी ब्रीडा म्हणाली, "घरच्या कुणाला घेऊन ये." ब्रीडा म्हणजे क्लबची साठीची, पांढऱ्या केसांची सर्वेसर्वा. शिरीषनं बायकोला नेलं.

पद्मिनीला बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं. ती घर सांभाळायची, रोजची पूजा, पोथी, आणि दुपारी एक पान रोजनिशी. थेपले, लोणचं आणि थर्मास घेऊन ती गेली. नवऱ्याला सोबत, एवढाच हेतू. परीक्षेला तिला बसवलं ते जोडी पुरी व्हावी म्हणून.

निकालाची ईमेल आली तेव्हा ती कणीक मळत होती.

"वाचा ना हो, माझे हात भरलेत."

शिरीषनं आधी आपली वाचली. मग तिची. मग परत आपली.

"काय झालं?"

"तुझं झालं."

"आणि तुमचं?"

"राखीव," तो म्हणाला. "एखादा आजारी पडला तर."

पद्मिनीनं कणकेचा गोळा परातीत ठेवला आणि ओल्या कापडानं झाकला. "मला नकोय ती खुर्ची. त्यांना सांगा, तुम्हालाच द्या म्हणावं."

"असं नसतं ते," शिरीष म्हणाला, आणि प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, चहाचा डबा काढताना दार जरा जोरातच आपटलं.

तो कशात अडकला हे त्याला ठाऊक होतं. चेंडू रिंगला लागून परत त्याच संघाच्या हाती आला, तर आता घड्याळ पुन्हा चोवीसवर नाही, चौदावर न्यायचं असतं. बटणं दोन, एक चोवीसचं, एक चौदाचं. शिरीष खेळायचा त्या काळी चौदाची भानगड नव्हती. रिंगला लागला की घड्याळ पहिल्यापासून. नियम त्याला पाठ होता, पण अंगठ्याला नव्हता. परीक्षेत तो दोनदा चोवीसवर गेला.

आणि पद्मिनी? तिची युक्ती ऐकून तर तो आणखीच चिडला. तिचे वडील रोज संध्या करायचे. केशवाय नमः, नारायणाय नमः, अशी विष्णूची चोवीस नावं. मुलींना संध्या कुणी शिकवत नसे, पण ऐकायला बंदी नव्हती. फुलांचं तबक धरून दाराशी उभ्या राहणाऱ्या पोरीला ती नावं अ‍ॅनेस्थेशियातसुद्धा म्हणता आली असती. सेकंदाला एक नाव. केशवापाशी घड्याळ सुरू, श्रीकृष्णापाशी भोंगा. आणि चौदा उरायला हवे असतील तर अकराव्या नावापासून, पद्मनाभापासून धरायचं.

"म्हणजे तू देवाची नावं बास्केटबॉलला लावून राहिली?" शिरीष म्हणाला.

"चांगलं आहे की. तासभर नामस्मरण होतं."

पहिला घरचा सामना नेमका खंडेनवमीला आला. पद्मिनी निळा शर्ट आणि काळी पँट घालून खाली आली. सोळा वर्षांच्या संसारात शिरीषनं तिला पँटमध्ये पाहिलं नव्हतं. गळ्यात युरोपचं कार्ड. त्यावर तिचा फोटो, आणि पांढरीपांडे हे नाव एका ओळीत न मावून दोन ओळींत उतरलेलं. आपलं आडनाव! ते दोन ओळींत उतरावं इतकं मोठं आहे हे त्याला आजवर कधी जाणवलं नव्हतं. त्याच्याही गळ्यात कार्ड होतं, पण त्यावर नावापेक्षा 'राखीव' हा शब्द मोठा होता.

हॉलमध्ये पोचल्यावर तिनं पर्समधून कुंकवाची पुडी काढली आणि घड्याळाच्या खोक्याला, चौदाच्या बटणाशेजारी, एक बोट टेकवलं.

"अगं, काय करून राहिली! लोक बघताहेत."

"आज हत्यारांची पूजा असते. सुरी-कात्रीला लावलं, मग याला का नको?"

ब्रीडानं वाकून बघितलं. "केचप आहे का, पेट?" तिनं लाडानं विचारलं.

"नो, ब्लेसिंग," पद्मिनी म्हणाली.

"ग्रँड. आम्हाला दोन्ही चालेल."

राखीव माणसाची खुर्ची टेबलाच्या मागे, पाच-सहा फुटांवर असते. त्यानं तिथं गप्प बसायचं, असा नियम आहे. शिरीषला तिथून काय दिसत होतं? बायकोचा अंबाडा. अंबाड्याच्या पलीकडे मैदान. नागपूरहून इथवर येऊन, पुढच्या रांगेत बसूनसुद्धा, त्याला आपला खेळ बायकोच्या अंबाड्याआडून बघावा लागत होता.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून आईचा फोन. सामना इंटरनेटवर दाखवला होता. "सूनबाई दिसली हो! किती ऐटीत बसली होती. तू कुठं होतास रे?"

"मागे होतो, आई."

"असशील. अंधार होता मागे."

षड्रिपूंत मत्सर सहावा. शेवटी सांगतात म्हणून तो शेवटी येतो असं नाही. बाकीचे पाच दारावर थाप मारून येतात, हा मात्र चपला बाहेर काढून, हळूच, काळजी करायला आलेल्या पाहुण्यासारखा आत येऊन बसतो. शिरीषच्या बाबतीत तो एका छोट्या लाल वहीच्या रूपात आला. पहिल्या सामन्यात पद्मिनीनं जिथं जिथं चूक केली ती त्यानं वेळेसकट टिपून ठेवली. सात चुका. घरी येऊन, ती केस सोडत असताना, त्यानं वही तिच्यापुढे ठेवली.

"तुझ्या भल्यासाठी."

पद्मिनीनं सातही वाचल्या. "बरोबर आहेत," म्हणाली. "पुढच्या वेळी सुधारते."

आणि तिनं सुधारल्या, हेच तर दुःख! संघ परगावी खेळायला जाई तेव्हा दोघं लॅपटॉपवर सामना बघत. शिरीष तिथल्या टेबलावरच्या माणसांना नावं ठेवी आणि पद्मिनी ओठातल्या ओठात केशव-नारायण करत मांडीवर अंगठा दाबत असे. हंगेरीशी घरचा सामना झाला तेव्हा वहीत तीनच चुका होत्या, आणि तिसरी होती: 'चष्मा सारखा वर करते.'

स्वरांगीनं ते वाचलं आणि हसत सुटली. "डॅड, इथं अशा माणसाला काय म्हणतात माहितीये? बेग्रजर. दुसऱ्याचं चांगलं झालं की ज्याच्या पोटात दुखतं तो. यू आर अ प्रोफेशनल."

"मी तिला मदत करून राहिलो."

"शुअर, लुक," असं इथल्या 'बरं बाबा'च्या सुरात म्हणून ती जिना चढून गेली.

शेवटचा घरचा सामना डिसेंबरात, पोर्तुगालशी. जिंकला तर संघ पुढच्या फेरीत, आणि जानेवारीत इथंच आणखी एक सामना. आणि नेमका तो दिवस मार्गशीर्षातला गुरुवार. पद्मिनीचा महालक्ष्मीचा उपास. सकाळी तिनं चौरंगावर कलश मांडला, नारळ, पाच पानं, वेणी, कहाणी वाचली. शिरीष ऑफिसला निघताना नेहमीप्रमाणे हात जोडून उभा राहिला. दरवेळी तो काही मागत नसे. त्या दिवशी त्याच्या मनात आपोआप आलं: आज तिच्याकडून एक चूक होऊ दे. एकच. लहानशी. सामन्यावर देखरेख करणाऱ्या कमिशनरच्या लक्षात येईल एवढी.

मनात आलं आणि त्याचं त्यालाच चरकल्यासारखं झालं. पण त्यानं ते परतही घेतलं नाही. देव ऐकतो, हीच तर अडचण आहे.

हॉल खच्चून भरला होता. कमिशनर डेन्मार्कचे, उंच, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. टेबलाच्या मधोमध त्यांची जागा. दिवसभर उपाशी बाई, शिरीषच्या मनात येत होतं, कुठं तरी डोळ्यापुढे अंधारी येईलच. पण पहिला क्वार्टर गेला, दुसरा गेला, वहीचं पान कोरंच. ब्रीडानं मध्ये पद्मिनीला टॉफी दिली, तिनं ती उपासामुळे खिशात ठेवली आणि ब्रीडाचा हात दाबला. त्या दोघींची अशी काही गट्टी जमली होती की तीन वर्षं ब्रीडाबरोबर बाकं उचलणारा शिरीष बघतच राहिला.

तिसऱ्या क्वार्टरची चार मिनिटं बारा सेकंद उरली होती. आपण दोन गुणांनी मागे. आपल्या मुलीनं लांबून चेंडू टाकला, तो रिंगला लागून उडाला, आणि गर्दीतून आपल्याच उंच सेंटरनं तो खेचून घेतला. लोक उठून उभे राहिले. शिरीषही उठला. वीस वर्षांपूर्वीचं मैदान, धूळ, ट्रकचे हॉर्न, सगळं एकदम छातीत आलं, आणि त्या आवाजात, त्या हॉलभर घुमणाऱ्या नागपुरी आवाजात, तो ओरडला:

"चोवीस! पद्मा, चोवीस!"

पद्मिनीचा अंगठा पद्मनाभावर निघालाच होता. पण सोळा वर्षं त्या आवाजानं 'गाडी डावीकडे घे' म्हटलं की ती डावीकडे घेत आली होती. तिनं चोवीस दाबलं.

आपल्या मुलींनी पाटीवरचे चोवीस बघितले आणि आरामात चेंडू फिरवला. सतराव्या सेकंदाला तीन गुणांचं बास्केट पडलं. हॉल दणाणला. पण पोर्तुगालचा प्रशिक्षक दोन्ही हातांनी चौदा-चौदा करत टेबलाकडे धावला. शिटी वाजली. पंच आले, कमिशनरनं आपलं हातातलं घड्याळ दाखवलं. बास्केट रद्द. चेंडू पोर्तुगालला.

"चोवीस का?" कमिशनरनं विचारलं. स्वर शांत होता, म्हणून जास्त लागला.

पद्मिनीनं मागे वळून पाहिलं नाही. "माय मिस्टेक," ती म्हणाली.

शिरीष खाली बसला. वही मांडीवर उघडी होती. त्याला बोलायचं होतं. तोंड उघडलं असतं तर राखीव कार्डही गेलं असतं, मागून टेबलाला सांगणाऱ्याला माफी नसते. आणि न बोलता बसलं तर? ते त्याला क्वार्टर संपल्यावर कळलं. कमिशनर ब्रीडाच्या कानाशी काही बोलले. ब्रीडा वळली.

"राइट सो. शेवटच्या क्वार्टरला युवर मॅन बसेल." तिनं शिरीषकडे बोट केलं.

पद्मिनी उठली. शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला आणि खुर्ची मागे ओढून धरली.

"बसा," म्हणाली. एवढंच. आणि मागे जाऊन राखीव खुर्चीत बसली.

खुर्ची अजून उबदार होती. समोर, कुणाच्याही अंबाड्याआड नसलेलं, अख्खं मैदान. चार महिने ज्यासाठी जीव जळत होता ते हे. त्यानं अंगठा ठेवला. पहिली चढाई, बरोबर. दुसरी, बरोबर. कमिशनरनं मान हलवली. शिरीषचे कान मात्र मागे होते. आता ती काही तरी म्हणेल. एखादा 'हं', एखादा सुस्कारा. मागून चकार शब्द आला नाही.

तिसऱ्या चढाईला चेंडू रिंगला लागून उडाला आणि त्याच संघानं पकडला. शिरीषचा अंगठा चोवीसकडे निघाला. निघालाच! वाटेत कुंकवाचं ते बोट दिसलं, खंडेनवमीचं, पुसट झालेलं, चौदाच्या शेजारी. अंगठा तिकडे वळला. चौदा. बरोबर.

कुणाच्या लक्षात आलं नाही. चोवीसची ती चूक कुणाची होती हे त्याला मघापासून माहीत होतंच. आता त्याच्या अंगठ्यालाही कळलं.

पोर्तुगालनं टाइम-आउट घेतला. शिरीष कमिशनरकडे वळला.

"सर, मघाचं ते चोवीस. मी ओरडलो. आमच्या भाषेत. तिनं माझं ऐकलं."

कमिशनरनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही? राखीव खुर्चीतून?"

"हो."

"तिनं तसं सांगितलं नाही."

"नाही सांगणार ती."

कमिशनरनं हात पुढे केला. शिरीषनं गळ्यातलं कार्ड काढून त्या हातात ठेवलं. "कृपया हॉलच्या बाहेर," ते म्हणाले, आणि मग मागे बघून, "मॅडम, या."

पद्मिनी आली. जाता जाता दोघं समोरासमोर आली, आणि तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, ऑफिसला जाताना करते तशी. ब्रीडा पुटपुटली, "जीझस, मेरी अँड जोसेफ," आणि पेन उचललं.

बाहेरच्या पॅसेजमध्ये चॉकलेटचं मशिन आणि एक बाक. दाराला काच नव्हती. शिरीष बाकावर बसून ऐकत राहिला. बुटांची चर्रचर्र, लोकांचे उसासे, आणि मध्येच तो भोंगा. मोकळं मोकळं वाटायला हवं होतं, खरं बोलल्यावर वाटतं म्हणतात तसं. थोडं वाटलंही. पण तेवढ्यात आत भोंगा वाजला आणि त्याच्या मनानं नोंद केली, अर्धा सेकंद उशीर. हात खिशात गेला. वही नव्हती. ती राखीव खुर्चीवर राहिली होती.

सामना गेला, चार गुणांनी. ते तीन गुण राहिले असते तरी एकानं हरलो असतो, असा हिशोब लोक बाहेर पडताना करत होते, आणि तो ऐकून शिरीषनं देवाचे आभार मानले. युरोपचा हंगाम संपला. जानेवारीत सामना नाही, म्हणजे आता ती खुर्ची कुणालाच नाही. हा विचार आला आणि त्याला बरं वाटलं. बरं वाटलं याची लगेच लाजही वाटली. दोन्ही खरं होतं.

गाडीत पद्मिनीनं आधी मोबाइलच्या उजेडात घड्याळ बघितलं. "घरी जाऊन नैवेद्य दाखवायचाय. पुरण तयार आहे. तुम्ही जरा हळू चालवा."

"पद्मा, सकाळी मी देवीजवळ..."

"काय?"

"काही नाही. तुझी चूक व्हावी असं मागितलं."

ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "झाली ना मग. आता नवस फेडायला लागेल. पाच गुरुवार भांडी तुमची."

"एवढंच?"

"आणि मोदक तुम्ही वळायचे. तेव्हा कळेल चोवीस कळ्या कशा पडतात ते."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं पर्समधून लाल वही काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "खुर्चीवर विसरलात. आज एकच चूक होती, ती मीच लिहून टाकली."

शिरीषनं पान उघडलं. मोत्यासारख्या अक्षरात, वेळेसकट, एकच ओळ होती:

'तिसरा क्वार्टर, ४:१२. मागच्याचं ऐकलं.'

तो हसला. मागून कुणी तरी हॉर्न दिला, सिग्नल हिरवा झाला होता. गाडी पुढे घेताना त्याच्या मनात आलं, तीन महिने आपण या वहीत लिहितोय, आणि अक्षर मात्र तिचंच चांगलं आहे. त्याही क्षणी ते त्याला जरासं टोचलंच.